निहारिकाचे शब्द किती?

"हा नको, तो मोरपंखी फ्रॉक काढ." लताबाईंनी सुनेच्या हातातला साधा टी-शर्ट ओढून घेतला. "लोकं पोरगी बघायला येणार आन् तू हिला झोपायची कापडं घालतीस?"

"आई, स्थळ नाही येत. थेरपिस्ट येतेय. निहू रोज असते तशीच दिसू दे."

"रोज कशी असती? चांगलीच असती."

पूर्णिमानं कपाटातून फ्रॉक काढला. निहारिका तीन वर्षांची व्हायला दोनच महिने उरले होते. ती बोलत नव्हती, हाक मारली तरी वळत नव्हती. थेरपीच्या प्रतीक्षायादीत नाव लागून चौदा महिने झाल्यावर आज परदेशातल्या ल्यूकनच्या या घरी पहिल्यांदा कुणी येत होतं. ती बाई जे लिहून नेईल, त्यावर पोरीला मदत मिळायची की नाही ते ठरणार होतं.

लताबाई कोरेगावहून येऊन पाच आठवडे झाले होते. शाळा चौथीत सुटलेली, पण तीन लेकींची लग्नं त्यांनी स्वतः बोलून जमवली होती. बघायला येतात त्या दिवशी घरातलं उणं पुढं आणायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून निहारिका तासन्‌तास गरागरा फिरवत बसायची ती डब्यांची झाकणं त्यांनी सकाळीच सोफ्याखाली सारली होती.

नोरा नावाची ती बाई आली आणि सरळ जमिनीवर बसली. तिचा पहिलाच प्रश्न पूर्णिमानं मराठीत सांगितला, शब्द किती बोलते?

"वीस," लताबाई सुनेच्या आधी म्हणाल्या. "वीस सांग. आई म्हणती, पानी म्हणती."

"आई, वीस सांगितले तर म्हणतील थांबून बघू. अजून एक वर्ष जाईल."

"मग काय, पोरीला मुकी म्हणून लिहून देऊ? परक्या बाईम्होरं?"

नोराला भाषा कळली नाही. तिनं पेन खाली ठेवलं, लताबाईंकडे बघून हळूच काही विचारलं.

"विचारतेय, निहू तुम्हांला काय हाक मारते?"

लताबाईंनी नातीकडे वळून पाहिलं. निहारिका खिडकीच्या काचेला गाल लावून उभी होती, सगळ्यांकडे पाठ करून.

"न्हाई मारत," त्या म्हणाल्या. "सांग तिला. एकदा बी न्हाई. तहान लागली की माझं मनगट धरती न् नळापाशी नेती. बोट दाखवत न्हाई, माझ्या तोंडाकडं बघत न्हाई. हात तेवढा नेती." मग गुडघ्यावर हात टेकून त्या खाली वाकल्या आणि झाकणं बाहेर काढली. "ही फिरवत बसती. मीच लपवली व्हती. हे बी लिही म्हणावं."

नोराचं पेन भराभर चालू लागलं. एवढं नेमकं सहसा कुणी सांगत नाही, असं ती म्हणाली. पूर्णिमानं ते सासूला मराठीत सांगितलं.

शेवटी कागदावर माहिती देणाऱ्याचं नाव आणि सही हवी होती. पूर्णिमानं पेनासाठी हात पुढं केला.

"मी सांगितलंय न्हवं? मग मीच करती."

लताबाईंनी एकेक अक्षर दाबून नाव लिहिलं. खाली नात्याची जागा होती.  तिथं त्यांनी 'आजी' लिहिलं, आणि अक्षरांच्या डोक्यावर सरळ रेघ ओढली.