गोधडीचा वास

"आई, गोधडी कुठंय?"

रत्नमाला डब्यात भाकरी कोंबत होती, तिचा हात थांबला. बाळ गेल्यापासून मोनिका 'हूं' आणि 'नको' यापलीकडे बोलली नव्हती. पैठणहून नवऱ्याचा, सुदर्शनचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. आज मात्र उठून बसली होती. उशी उलटीपालटी करून झाली होती.

"कंची गोधडी?"

"उगं येड पांघरू नको. बाळाची. उशीखाली होती."

"दिली."

"कुणाला?"

"कामावर नेली. कुत्र्यांला."

मोनिका नुसती बघत राहिली. ओरडली असती तर परवडलं असतं. रत्नमालाला ओरडणाऱ्या माणसांची सवय होती. तिचा नवरा मुंजाबा जिवंत होता तोवर मेंढ्यांवर आणि बायकोवर एकाच आवाजात ओरडायचा.

मोनिका बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा ती गोधडी रत्नमालानं शिवली होती. तान्ह्या बाळाला कोरं कापड लावायचं नसतं, म्हणून आपलं विरलेलं हिरवं लुगडं आणि कडेला मुंजाबाच्या तांबड्या पटक्याची पट्टी. पण बाळ जन्मलं ते थेट काचेच्या पेटीत गेलं. मोनिकाच्या पोटाला टाके, तिला खाट सोडता येईना. शेवटी बाळ गेलं आणि नर्सनं ते आणून दिलं ते रत्नमालाच्या हातात, आणि तिनं ते या गोधडीत घेतलं. सुदर्शननं पुरायला नेताना पांढरं कापड गुंडाळलं. गोधडी मागे उरली आणि मोनिकाच्या उशीखाली गेली.

मग रोज तेच. गोधडी नाकाला लावायची आणि पडून राहायचं. ताट तसंच परत यायचं.

कन्नडच्या घाटाखाली मेंढरं राखण्यात रत्नमालाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कोकरू मेलं की मुंजाबा ते लगेच लांब नेऊन पुरायचा, ते पडलं होतं तिथली मातीसुद्धा खरवडून टाकायचा. वास मागे राहिला तर मेंढी तिथंच हुंगत उभी राहते, चाऱ्याला तोंड लावत नाही. वास गेला की थोडं बें बें करते आणि कळपात मिसळते. रत्नमालाला दुसरं काही औषध ठाऊकच नव्हतं. हर्सूलच्या पुढं बेवारस जनावरांचा आसरा होता, तिथं ती झाडलोटीला जायची. तिथल्या डॉक्टर मंजुषा मॅडम दिसेल त्याला सांगत होत्या, थंडी पडलीय, जुन्या चादरी, गोण्या, काय असेल ते आणून द्या. चार दिवसांपूर्वी मोनिका न्हाणीत गेली आणि रत्नमालानं गोधडी पिशवीत घातली. तेव्हापासून मोनिका मुकाट अंथरूण चाचपत होती, विचारलं ते आजच.

"तू सारखी हुंगत बसायचीस," ती आता म्हणाली. "खाईनास, पिईनास. वास ऱ्हायला की मेंढीबी चारा सोडती."

"मी मेंढी हाय का, आई?"

रत्नमालानं डब्याचं झाकण लावलं.

"परत आण ती."

"आता नाय आणता येत."

"कायला?"

"चल अन तूच बघ."

दोघी रिक्षानं निघाल्या. आसऱ्याच्या फाटकाशी कुत्र्यांनी एकच कालवा केला, तरी मोनिका दचकली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये फिनेलचा वास भरला होता. आसऱ्यातला गडी कारभारी मोठ्या पातेल्यात खिचडी ढवळत होता.

"मावशी, आज पोरीला आणलं व्हय?"

"गोधडी न्यायला आलीय ती."

कारभारीचा हात थांबला. "कंची? भुरीखालची? अवो, असलं काय करू नका. काढली तर हाकलील ती पिल्लांला."

मागच्या कोपऱ्यात भुरी पडली होती. गाडीची धडक बसलेली कुत्री, मागचा पाय प्लास्टरमध्ये. तिची पिल्लं या गोधडीवरच जन्मली आणि एकामागून एक गेली. तेवढ्यात शहागंजच्या बाजारात कुणीतरी खोक्यात टाकून दिलेली दुसरी पिल्लं आली. डोळेसुद्धा उघडले नव्हते. रत्नमालानं ती गोधडीवर चांगली घोळून भुरीपुढं ठेवली, कारण पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर तिच्या मेलेल्या कोकराचा वास त्याच्या अंगाला लागावा लागतो. भुरीनं बराच वेळ हुंगलं आणि कूस मोकळी केली. पिल्लांचं दूध सुटेपर्यंत गोधडी हलवायची नाही, धुवायची नाही, असं मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं.

मोनिका आत गेली. भुरी गुरगुरली.

"ए, गप," रत्नमाला म्हणाली. भुरीनं मान खाली टाकली.

मोनिका पोट धरून सावकाश खाली बसली. पिल्लं लुचत होती. तिनं गोधडीची तांबडी कड धरली, ओढली नाही, स्वतःच वाकून तिच्यात नाक खुपसलं. तशीच राहिली. रत्नमाला हातात रिकामी गोणी घेऊन उभी होती. पोरीनं ओढलीच गोधडी, तर निदान ती गोणी पिल्लांखाली सारता येईल एवढंच तिच्या डोक्यात होतं. पोटात काही तुटतंय का हे तिनं चाचपून पाहिलं. काही नव्हतं. बाळ गेल्यापासून काहीच नव्हतं.

मोनिकानं तोंड वर केलं.

"नुसता कुत्र्याचा वास येतोय."

"चुकलं माझं," रत्नमाला म्हणाली.

मोनिकानं कड सोडली. "आई, मी तर त्याला घेतलंच नाय. तू घेतलं हुतंस. कसा वास होता गं त्याचा?"

रत्नमालानं डोळे मिटले. त्याचं वजन तिला आठवलं. बंद मुठी आठवल्या, कपाळावरची मऊ लव आठवली. वास आठवेना. दवाखान्यातसुद्धा फिनेलच होतं, इथंही तेच, आणि तिच्या हातालाही तेच. तिनं पुन्हा आठवून पाहिलं. जो काही वास उरला होता तो या गोधडीत होता आणि तो तिनंच इथं आणून टाकला होता.

"तुझ्यावाणी होता," ती म्हणाली. "तू जन्मलीस तवा तुझा होता ना, तसाच."

मोनिकानं मान हलवली. तिला ते खरं वाटलं की नाही ते रत्नमालाला कळलं नाही. एक पिल्लू सरकत सरकत गोधडीवरून खाली गार फरशीवर गेलं होतं आणि तोंड उघडून कुईकुई करत होतं. मोनिकानं ते उचललं. तांबड्या कडेवर नीट घोळलं, सगळीकडून, पोटाला, पाठीला, आणि भुरीच्या कुशीत ठेवलं.

भुरीनं ते हुंगलं आणि चाटायला घेतलं.

"ऱ्हाऊ दे इथंच," मोनिका म्हणाली.

रत्नमालानं गोणी खाली ठेवली आणि खराटा घेतला.