पाचूबाबाच्या पाटाचं भोक

या, सरकून जवळ बसा. टाळ घडीभर खाली ठेवा. मोताळ्याकडच्या एका गावची गोष्ट सांगतो. देवाचं नाव घेऊनच सांगतो, कारण बदनामी त्याचीच चालली होती.

मारुतीच्या पारावर ही गर्दी! मधोमध पाचूबाबा, पुढ्यात सागाचा जुना पाट, पाटाला भोक. बाबांनी भगवं फडकं टाकलं, डोळे मिटले, फडकं उचललं; तर पाटावर अंगठ्याएवढा हिरवा, चकचकीत सोनकिडा चालतोय!

"किडा म्हणाल तर जीभ झडेल! जिवंत पाचू आहे हा! कोरड्या लाकडात प्राण फुंकला, तिथं तुमचे आजार काय! मात्र औषधं बंद. पाचू नि गोळी एका अंगात नांदत नाहीत."

विमलबाईंच्या नातीला, छकुलीला, झटके यायचे. औषधानं थांबले होते. आज सकाळचा डोस आजीनं दिलाच नव्हता. बाटली बाबांच्या पायाशी ओतायला आणली होती.

"आत्याबाई, पोरीले झटका आला तर?" सून काजल रडकुंडीला आली.

"चूप बस व! देव पाहून राह्यला."

बाबांचे भक्त भगवानरावांनी मोबाईल उंचावला. "विज्ञानबी हेच म्हनते! वाळल्या लाकडातून सोनकिडे निघतात."

काजलची बहीण वंदना कृषी महाविद्यालयात शिकवते. ती पुढे झाली. "निघतात काका, पन कोनते? ह्याची अळी बाभळीच्या मुळाशी, मातीत वाढते. सागाच्या पाटात ह्याचं काय काम? अन् लाकूड पोखरून निघनाऱ्याचं भोक चपटं असते. हे गोल हाय, ड्रिलचं." तिनं भोकात करंगळी घालून पाहिली, तीही आत जाईना. "बाबा, तुमच्या पाचूले परत आत जा म्हना बरं."

"पाचू बाहेर आल्यावर फुगतो!"

"पाचू हाय का पोळी बे?" गर्दीतला गोपाल ओरडला. सारा पार हसला.

वंदनानं फडकं ओढून झटकलं. आत शिवलेला खिसा! त्यातून आणखी एक सोनकिडा पडला, सोबत बाभळीचा पाला. बाबांचे पाचू जेवतही होते.

बाबा चपला न घालताच पळाले. विमलबाई मात्र हसल्या नाहीत. बाटली छातीशी धरून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माह्यं चुकलं व काजल. डॉक्टरले फोन लाव. सकायचा डोस हुकला म्हन, आता कसा देऊ ते इचार."

माझ्या मायबापहो, देवाला खुशाल माना. पण लेकराचं औषध तोडा म्हणणाऱ्याला आधी चार प्रश्न विचारा. खरा देव त्यानं रागावत नाही. अन् नामस्मरण करून उठाल तेव्हा त्या विमलबाईंचीही आठवण ठेवा. भर पारावर स्वतःची चूक कबूल करणं भल्याभल्यांना जमत नाही.