विसावा मासा

मार्लीन अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरलेल्या जुन्या कार्डांच्या बाजारात शिरली, दारात दोन डॉलर दिले, हातावर शिक्का मारून घेतला आणि महागड्या टेबलांकडे ढुंकूनही न बघता थेट मागच्या भिंतीशी गेली. काचेखाली कुलूपबंद ठेवलेली खेळाडूंची कार्डं बघायला येणारे लोक वेगळे. ते डोळ्याला भिंग लावून कोपरे तपासतात आणि घरी जाऊन किमतीबद्दल बायकोशी खोटं बोलतात. मार्लीन खोक्यांतली बाई होती. 'कोणतंही दहा सेंट' अशी पाटी चिकटवलेले बुटांचे जुने खोके, आणि त्यांत कोणालाच नको असलेले खेळाडू दाटीवाटीनं उभे. शेजारी दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांवरून कापलेले खेळाडूंचे चेहरे, पेट्रोल पंपावर फुकट मिळालेले पेले, मान डोलावणारी बाहुली. हा कचरा चाळण्यात तिच्या आयुष्यातले तीस वर्षांचे रविवार गेले होते.

तिला हवी असायची पावाची कार्डं. अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात हॉलब्रूक बेकरीच्या पावाच्या पिशवीत दर आठवड्याला एक कार्ड निघायचं, गावच्या ऑटर्स या बेसबॉल संघातल्या एकेका खेळाडूचं. एकूण बावीस. पहिल्या पावासोबत यादीचं एक कार्ड, त्यावर बावीस नावं आणि प्रत्येकापुढे रिकामा चौकोन. तीस वर्षांत तिला सतरा मिळाली होती. का शोधते, हे तिनं या हॉलमध्ये कोणालाच सांगितलं नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईचं खूळ, असं लोक समजायचे, आणि तिला तेच बरं वाटायचं.

तिचा भाऊ टिबी ती कार्डं जमवायचा. नऊ वर्षांचा होता. चौदाव्या पावाच्या आठवड्यात त्यानं कार्डापायी अख्खी पिशवी फाडली, पाव जमिनीवर सांडला, आणि बारा वर्षांची मार्लीन त्याच्यावर ओरडली, "जा, नदीत जाऊन जीव दे!" तो कार्डं खिशात कोंबून सायकलवरून गेला. सायकल नदीकाठी सापडली, टिबी सापडला नाही. नदीनं नेला, असं गाव म्हणालं. मार्लीनच्या मनानं मात्र तेव्हापासून एकच धरलं होतं: नदीनं नाही, माझ्या जिभेनं नेला.

"आली का पाववाली!" वेंडेल प्रूइट खुर्चीतून म्हणाला.

वेंडेल चौऱ्याहत्तर वर्षांचा, गुलाबी गालांचा, सगळ्यांचा लाडका. नवख्या माणसाला चार कार्डं वर टाकायचा. तरुणपणी त्यानं हॉलब्रूकचीच पावाची गाडी चालवली होती, म्हणून मार्लीन गेली दहा वर्षं त्याला दर वेळी विचारायची, आणि तो दर वेळी सांगायचा की कार्डं पिशवीत बंद असायची, आम्हा ड्रायव्हरांना ती दिसलीसुद्धा नाहीत.

"लग्न कर गं त्याच्याशी, पाव तरी फुकट मिळेल," पलीकडच्या टेबलावरून रॉस्को ओरडला. डोलणाऱ्या बाहुल्या विकणारा हा धिप्पाड माणूस सकाळपासून कोबीच्या सूपचा तिसरा वाडगा संपवत होता.

"तुझी ती मान हलवणारी बाहुली बरी, निदान तोंड मिटून असते," मार्लीन म्हणाली. "वेंडेल, आज माल बराच आणलात!"

"गुडघे गेले माझे. घर विकून मुलीकडे चाललोय. कालच तळघर उपसलं. घे, चाळ."

ती चाळू लागली. बोटं आपोआप चालत होती. दुसऱ्या खोक्याच्या शेवटी बोट अडलं. पुठ्ठा जाड होता आणि तुपकट. तिनं कार्ड वर ओढलं. हॉलब्रूकची यादी.

खूण केलेली यादी या धंद्यात मेलेली. पोरांनी चौकोनात काही खरडलं की तिची किंमत शून्य, विकणारा ती न बघताच दहा सेंटांच्या खोक्यात फेकतो. या यादीवर हिरव्या पेन्सिलीनं खुणा होत्या. प्रत्येक चौकोनात एक रेघ वळून स्वतःलाच ओलांडत होती. दुसरा कोणी त्याला गाठ म्हणाला असता, नाहीतर फीत. मार्लीनच्या माहेरी, कोवाच कुटुंबात, त्याला मासा म्हणायचे, कारण टिबीनंच तसं सांगितलं होतं.

तिनं टेबलाची कड धरली.

आधी तिला रडूच आलं, बरं वाटूनसुद्धा. त्याच्या हातचं काहीतरी उरलं होतं. एखाद्या मित्राला त्यानं यादी दिली असेल, फिरत फिरत इथे आली असेल. मग ती मासे मोजू लागली. चौदापर्यंत यायला हवे होते. पंधरा. सोळा. ते थांबेनात. शेवटचा मासा विसाव्या चौकोनात होता.

मित्रानं पुढचे काढले असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. पण एकोणिसाव्या ओळीवर छापलेलं नाव हिरव्या पेन्सिलीनं खोडलं होतं आणि वर 'रस्किन' लिहिलं होतं, इंग्रजी एस अक्षर उलटं काढून. टिबीचा एस कायम उलटाच असायचा, त्यापायी शाळेत बाईंनी त्याला किती वेळा कोपऱ्यात उभं केलं होतं. ऑटर्सनी आपला कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा गडी, ऑगस्टमध्ये रातोरात दुसऱ्या संघाला विकला, तेव्हा बेकरीनं घाईघाईनं त्याच्या जागी रस्किनचं कार्ड छापलं. यादी तशीच राहिली. टिबी बेपत्ता झाला त्या जुलैमध्ये हे कोणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं.

आणि विसावा पाव कधी आला, हेही तिला पाठ होतं. त्याच आठवड्यात आईनं रिकामी शवपेटी पुरली होती. पाद्री नदीबद्दल बोलत होता, मार्लीन काळ्या फ्रॉकमध्ये मान खाली घालून उभी होती, आणि तेव्हा टिबी कुठेतरी बसून विसावा मासा काढत होता.

"काय गं, भूत बघितलंस काय?" वेंडेल म्हणाला.

"हे एक घेते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

वेंडेलनं चष्मा खाली ओढून कार्डाकडे पाहिलं. त्याचा हात पुढे आला आणि हवेतच राहिला. "ते? छे गं, ते चुकून आलंय. ठेव तिकडे, मी तुला चांगलं काहीतरी देतो. त्याच्यावर सगळीकडे मासे काढून ठेवलेत पोरानं, कशाला हवंय तुला?"

शेजारी कोणीतरी खोका बंद केला, रॉस्कोचा चमचा वाडग्यात वाजला. मासे. गाठ नव्हे, फीत नव्हे, मासे.

नाण्याला हात लागला की सौदा झाला, हा या हॉलचा जुना रिवाज. मग विकणाऱ्याच्या लक्षात आलं की कार्ड हजारांचं होतं, तरी ते परत मागता येत नाही. मार्लीननं पाकिटातून दहा सेंटांचं नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि हळूच त्याच्याकडे सरकवलं. वेंडेल तिच्या तोंडाकडे बघत होता. चाळीस वर्षं नाणी उचललेला त्याचा हात मात्र आपल्या सवयीनं पुढे गेला, नाणं उचललं आणि डब्यात टाकलं.

खण्णकन आवाज झाला. आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळलं.

"ते परत दे," तो हळू आवाजात म्हणाला. गालांवरचा गुलाबी रंग गेला होता. "मार्लीन, दे म्हणतोय ना."

"अरे पैसे घेतलेस ना, मग आता कसलं परत?" रॉस्को हसत म्हणाला. मग त्यानं मार्लीनचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. वाडगा खाली ठेवून तो उठला आणि टेबलांमधल्या वाटेत येऊन उभा राहिला. का, हे त्याला सांगता आलं नसतं.

मार्लीननं कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"माझं माहेरचं नाव कोवाच," ती म्हणाली. "मी त्याची मोठी बहीण."

वेंडेलनं दाराकडे पाहिलं, मग वाटेतल्या रॉस्कोकडे.

दहा वर्षं ती त्याला अहो-जाहो करत आली होती. आता तिनं कार्ड त्याच्यासमोर धरलं आणि एकविसाव्या, कोऱ्या चौकोनावर अंगठा टेकवला.

"एकविसावं कार्ड का नाही दिलंस त्याला?"