दोनशे चौदा नंबरचा अर्ज

तिला सगळी गल्ली तिकीटबाई म्हणायची, आणि तिने स्वतः लांबचं तिकीट जन्मात काढलेलं नव्हतं. फिरतीच्या नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका कचेरीत ती नऊ वर्षं काम करत होती. जहाजावरचे आचारी, पवनचक्क्या उभ्या करणारे फिटर, लांबच्या गाड्यांत अंथरुणं बदलणारे, सर्कशीच्या घोड्यांना नाल ठोकणारे, अशा सगळ्यांना तिने जगाच्या पाठीवर कुठे कुठे धाडलं होतं. ती स्वतः मात्र घर ते कचेरी, बसचे चार थांबे. दिव्याखाली अंधार, असं तिचा नवरा म्हणायचा आणि तीही हसायची.

आता ते हसणं संपणार होतं. तिच्या पर्समध्ये कालच आलेलं एक पत्र होतं. कचेरीने तिला फिरती तपासनीस नेमलं होतं. कामाला लावून दिलेली माणसं तिकडे कशी राहतात, कशी ठेवली जातात, ते गावोगाव जाऊन बघायचं, महिन्यातले बारा दिवस. होकार उद्यापर्यंत द्यायचा होता. नवऱ्याला ती आज सांगणार होती. आईला सांगायचं तिच्या डोक्यातच नव्हतं. आईला काय सांगायचं, आई तर घरीच असते. चार वर्षांपूर्वी वडील गेले, आई आपलं शिलाई मशीन घेऊन लेकीकडे राहायला आली, आणि तेव्हापासून दोन्ही पोरींची शाळा, डबे, वेण्या, ताप, सगळं आईच्या अंगावर पडलं. खरं तर आई होती म्हणूनच हे पत्र होतं.

कचेरीची एक जुनी रीत होती. वशिल्याची माणसं घुसू नयेत म्हणून निवडणाऱ्याला अर्जदाराचं नाव कळू द्यायचं नाही. बाहेरच्या खिडकीशी बसणारे म्हातारे कारकून, ज्यांना सगळे खिडकीकाका म्हणत, ते माणसाला प्रश्न विचारून अर्ज टाइप करायचे, त्यावर वर्षभराच्या वहीतला नुसता नंबर घालायचे, आणि नाव-पत्ता-फोन लिहिलेली चिठ्ठी आपल्या कुलपाच्या खणात टाकायचे. निवड झाली की ती चिठ्ठी बाहेर. मग ज्याने निवड केली त्यानेच अर्जदाराच्या घरी फोन करायचा आणि दोन प्रश्न विचारायचे: हे माणूस जाणार आहे ते तुम्हाला माहीत आहे का, आणि त्यांच्यावाचून घरचं अडेल का. घरात भांडून पळणारे, लेकरं टाकून निघणारे या फोनवर बरोबर सापडत.

गेला आठवडाभर तिच्या टेबलावर एका नाटक कंपनीचं काम होतं. कंपनीला कपडेपटाची बाई हवी होती. आठ महिन्यांचा दौरा, रोज नवं गाव, फाटलेलं शिवायचं, उसवलेलं टाचायचं, पडदा उघडायच्या आत राजाच्या अंगरख्याला बटण लावायचं. अर्ज एकवीस आले होते. त्यातल्या दोनशे चौदा नंबरने तिला पार जिंकून घेतलं.

वय एकसष्ट. शिवणकाम चाळीस वर्षं. भाषा दोन, तिसरी वर्षभरापासून रेडिओवरच्या धड्यांनी शिकते आहे. तब्येत ठणठणीत, फक्त उजव्या कानाने दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. सलग किती दिवस घराबाहेर राहू शकाल? कितीही. तुमच्यावाचून घरचं अडेल का? पहिले पंधरा दिवस.

ते शेवटचं उत्तर वाचून ती मोठ्याने हसली होती. काल संध्याकाळी जेवताना घरीसुद्धा तिने ते सांगितलं.

"अशी बाई मिळाली की हातची सोडायची नाही," ती म्हणाली होती. "पहिले पंधरा दिवस, म्हणे. काय हिंमत आहे बघा."

नवरा हसला, पोरी उगाचच हसल्या. आई खाली बघून जेवत राहिली. "आई, तुझं लक्ष कुठे असतं गं?" असं ती नेहमीसारखं चिडून म्हणाली, आणि उठून गेली. जेवताना ती आईच्या उजव्या हाताला बसायची.

आज दुपारी बाराला तिने अर्जावर सही केली आणि खिडकीकाकांना हाक मारली. नाव चार वाजेपर्यंत कंपनीला कळवायचं होतं, नाहीतर ते पुढचा नंबर घेणार होते. काकांनी खण उघडून चिठ्ठी काढली, चष्मा कपाळावर चढवून एकेक आकडा वाचत कचेरीच्या फोनवरून नंबर फिरवला, आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

तेवढ्यात टेबलावर तिचा मोबाइल थरथरायला लागला.

"थांबा काका," ती म्हणाली, "मलाच कोणाचा तरी फोन येतोय."

तिने बघितलं. मोबाइलवर कचेरीचाच नंबर दिसत होता. चुकून लागला असेल असं वाटून तिने तो उचलला, आणि काकांचा खोकला तिला समोरून आणि कानातून, दोन्हीकडून ऐकू आला.

"काका, तुम्ही मला फोन लावलात."

"मी चिठ्ठीवरचा लावला," काका म्हणाले आणि त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

चिठ्ठीवर तिच्या आईचं नाव होतं, तिच्याच घरचा पत्ता होता. घरचं जबाबदार माणूस म्हणून तिचा नंबर होता आणि पुढे नातं: मुलगी.

ती खाली बसली, मग पुन्हा उठली, मग अर्ज उचलून पहिल्यापासून वाचायला लागली. एकसष्ट वर्षांची बाई, शिवणारी, आणि आठवडाभरात एकदाही तिच्या मनात आई आली नव्हती. आईचा रेडिओ रोज तिच्या कानावर पडत होता. एकटं करमत नसेल म्हणून लावत असेल, असं समजून दोनदा तिने तो बंदही केला होता. आणि कान? दोन वर्षं एका छपराखाली राहून आईला एका कानाने ऐकू येत नाही हे तिला माहीत नव्हतं, ते नाटक कंपनीला आधी कळलं होतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काका हळूच म्हणाले. "मी काही तुमच्या आईंना बघितलेलं नव्हतं हो. मला वाटलं, कोणीतरी बाई."

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली.

मग तिला राग आला. न सांगता, न विचारता? पोरींचं काय, माझ्या बारा दिवसांचं काय? आणि लगेच त्या रागाची तिला इतकी लाज वाटली की कान तापले. आपल्या पत्राबद्दल तिने तरी आईला कुठे विचारलं होतं? ती अर्धी सुटी टाकून निघाली. जाताना म्हणाली, "काका, साडेतीनला मला घरी फोन करा. दोन प्रश्न मी स्वतःला कसे विचारणार? तुम्हीच विचारा."

आई मशीनवर होती. धाकटीच्या शाळेच्या झग्याची दुमड सोडत होती. लेक भरदुपारी दारात उभी बघून तिने पाय थांबवला आणि तोंडावरूनच ओळखलं.

"चिठ्ठी निघाली वाटतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू माझं नाव बघून निवडलं असतंस, नाहीतर नाव बघून टाकलं असतंस. मला दोन्ही नको होतं." आईने दोरा तोडला. "काल तू जेवताना बोललीस ना, तेव्हा घास गिळवेना मला. चाळीस वर्षांत माझ्या कामाला कोणी असं म्हणालं नव्हतं."

"आई, तुला इथे त्रास होतो का? आमच्याकडून काही झालं का?"

"वेडी आहेस. त्रास असता तर कधीच निघाले असते. तुझे बाबा अंथरुणावर होते तेव्हा खिडकीबाहेरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे मी. मनाशी म्हणायचे, एकदा हे सगळं उरकलं की आपणही गाडीत बसू. उरकलं, आणि इथे आले. हेही उरकत नाही गं, पोरी मोठ्या होईपर्यंत माझे गुडघे राहायचे नाहीत. आत्ता आहेत."

लेक मशीनच्या बाजूने, आईच्या उजवीकडे, उभी होती. पर्समध्ये हात गेला तो पत्रावर. ते पाकीट बोटांनी चाचपत ती पुटपुटली, "मलाही जायचं होतं गं, आई. तुझ्या जिवावर निघाले होते मी."

आई झग्याची दुमड बोटाने मापत होती. तिने मान वळवली नाही. मग तिला ओठ हलल्यासारखं दिसलं असावं.

"काय म्हणालीस?"

लेकीने पाकीट पर्समध्ये खोल ढकललं, आणि मशीनला वळसा घालून ती डावीकडे स्टुलावर येऊन बसली. गेल्या दोन वर्षांत या बाजूला ती पहिल्यांदाच बसत होती.

"म्हटलं, पंधरा दिवस जड जातील."

"जातील," आई म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला वेणी घालायला शिकव. पोरींना बाप आहे, नुसता पाहुणा नाही घरात."

साडेतीनला काकांचा फोन आला. कचेरीतला आवाज काढून, जणू तिला ओळखतच नाहीत अशा थाटात, त्यांनी पहिला प्रश्न विचारला. तुमच्या घरचं माणूस आठ महिने बाहेर जाणार आहे, ते माहीत आहे का?

"आज कळलं," ती म्हणाली.

"त्यांच्यावाचून घरचं अडेल का?"

तिने आईकडे बघितलं. आई डावा कान फोनकडे करून बसली होती, हातातली सुई तशीच धरून.

"अडेल," ती म्हणाली.

या उत्तरावर अर्ज बाद होतो, हे दोघांनाही माहीत होतं. नऊ वर्षांत तिने स्वतः कितीतरी असे बाद केले होते.

"मग काय लिहू?" काकांनी विचारलं, आता आपल्या नेहमीच्या आवाजात.

"अडेल असंच लिहा. खोटं लिहू नका," ती म्हणाली. "आणि नाव पाठवून द्या."