चौदाव्या होलवरचा कर्स्टीचा खड्डा

मित्रांनो, मी एक जुना वाळूचा खड्डा आहे. खड्ड्याचे आयुष्य ऐकायला कोण बसणार, असे तुम्हाला वाटेल. रस्त्यातल्या खड्ड्याला लोक शिव्या देतात, हे मला ठाऊक आहे. मलाही देतात. फरक इतकाच की मला शिव्या देणारे पुढच्या शनिवारी पुन्हा हौसेने येतात. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर पिटकार्नी नावाचे मासेमारांचे गाव आहे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांवर गोल्फचे मैदान आहे आणि त्याच्या चौदाव्या होलवर, म्हणजे पहिल्या फटक्यापासून झेंड्याखालच्या भोकापर्यंतच्या चौदाव्या टप्प्यावर, ऐन वाटेच्या मधोमध, मी पसरलो आहे.

मला कोणी खणले नाही. पूर्वेचा बोचरा वारा सुटला की कर्स्टी नावाच्या बाईच्या मेंढ्या टेकाडाच्या आडोशाला अंग चोरून बसायच्या. त्या बसून बसून गवत गेले, वाळू उघडी पडली, वाऱ्याने ती उकरली आणि मी झालो. कर्स्टी गेली, मेंढ्या गेल्या, नाव राहिले. गोल्फवाले आले तेव्हा त्यांनी मला बुजवले नाही, उलट माझ्याभोवतीच होल आखले. पुढे मैदान राखणाऱ्या सँडी वॉटने हिरवळीचे तुकडे विटांसारखे एकावर एक रचून माझी झेंड्याकडची भिंत पुरुषभर उंच केली. त्या भिंतीच्या पायाशी चेंडू पडला की भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळायचे. परगावचे लोक मला पाहायला यायचे. खोटे कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

चौदावे होल खेळायच्या तीन वाटा आहेत. माझ्या डावीकडे एक अरुंद पट्टी आहे आणि पट्टीला लागून दगडी कुंपण. कुंपणापलीकडे समुद्राचा किनारा. तिकडे गेलेला चेंडू मेला म्हणायचा. पण त्या पट्टीवर जो नेमका उतरेल त्याला झेंडा सरळ समोर दिसतो आणि पुढचे काम सोपे होते. उजवीकडे रान मोकळे आहे. डोळे मिटून मारलेला चेंडूही तिथे सुखरूप राहतो. मात्र तिथून झेंड्याच्या आड एक उंचवटा येतो आणि उंचवट्यापलीकडची जमीन ओढ्याकडे उतरते. थोडक्यात, डावीकडून गेलात तर भीती आधी आणि उजवीकडून गेलात तर नंतर. तिसरी वाट म्हणजे माझ्या अलीकडेच चेंडू थांबवायचा, एक फटका जास्त द्यायचा आणि निमूटपणे पुढे जायचे. पूर्वेचा वारा असेल तेव्हा शहाण्याने हेच करावे. पण पिटकार्नीत तिला पाद्र्याची वाट म्हणत आणि त्या वाटेने जाणाऱ्याची आठवडाभर टिंगल होई.

खड्ड्याला फक्त आभाळ दिसते आणि काठावर कोणी वाकले तर त्याचा चेहरा. बाकी सारे मी कानांनी जाणतो. त्यामुळे माणसे मला त्यांच्या पावलांवरून आणि आवाजावरून आठवतात. सर्वांत जास्त आठवतात ते टार्व्हिट बंधू.

थोरला पीम, धाकटा डॉड. बापाने दोघांना मिळून एक बोट ठेवली होती. हिवाळ्यात हेरिंग मासळीचा हंगाम असे आणि शनिवारी दुपारी हे दोघे जोडीने गोल्फ खेळत. आमच्या गावचा जोडीचा खेळ असा की दोघांत चेंडू एकच. एकदा एकाने मारायचा, मग दुसऱ्याने. एका होलवर पहिला फटका एकाचा, पुढच्या होलवर दुसऱ्याचा. म्हणजे एकाने चेंडू माझ्यात घातला तर दुसऱ्याला तो बाहेर काढावा लागतो. असल्या खेळात सख्खे भाऊ वैरी व्हायचे, म्हणून गावाने दोन नियम घालून घेतले होते. चेंडूपाशी उभ्या राहिलेल्या जोडीदाराला काही सांगायचे नाही, आणि फटका चुकला तर चुकणाऱ्याने माफी मागायची नाही. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण आमच्याकडची पोरे प्रार्थनेच्या आधी ते शिकत.

चौदाव्या होलवर पहिला फटका डॉडचा असे. डॉडचा स्वभाव धाडसी, तो नेहमी डावीकडे मारायचा. कधी पट्टी साधायची, कधी चेंडू धप्पकन माझ्यात यायचा. मग पीम खाली उतरायचा, जाड लोखंडी काठीने वाळू उडवायचा आणि एक शब्द न बोलता वर जायचा. डॉड वरून म्हणायचा, "आहेस का रे जिवंत? की नॅनला सूप कमी करायला सांगू?" नॅन ही डॉडची बायको, आणि पीम लग्न न करता त्यांच्याच घरी जेवायचा. पीम खालून म्हणायचा, "तुझ्या बायकोच्या सुपापेक्षा इथली वाळू बरी." दोघे हसायचे. मला ते हसणे आवडायचे.

एका हिवाळ्यात ते गावच्या जोड्यांच्या अंतिम सामन्यात पोचले. समोर बेकरीवाला ब्रॉडी आणि त्याचा मेहुणा. तेराव्या होलपर्यंत बरोबरी होती. चौदाव्यावर सारे गाव जमले होते आणि पूर्वेचा वारा सुटला होता. डॉड चेंडूपाशी उभा राहिला. काठी मागे नेणार, तेवढ्यात पीमचा आवाज आला.

"उजवीकडून, डॉड."

 पीमने गावाचा नियम मोडला होता. डॉड थांबला, पाय बदलले आणि चेंडू उजवीकडे मारला. चेंडू मजेत मोकळ्या रानात जाऊन बसला. पुढचा फटका पीमचा. तो उंचवट्याच्या कडेला लागला, घरंगळला आणि ओढ्यात गेला. ते होल हरले आणि पुढे सामनाही. त्या दिवशी मी रिकामाच होतो.

परतताना डॉड माझ्या काठाशी थांबला. माणसे ऐकत होती, त्याची त्याला पर्वा नव्हती.

"वाट तुझी, फटका तुझा, ओढाही तुझाच," तो म्हणाला. "यापुढे मी उभा असताना तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडणार," पीम म्हणाला.

"शब्द दे."

"दिला."

मित्रांनो, त्या क्षणी पीम हसून चार शब्द बोलला असता तर विषय संपला असता. पण मानी माणसाचा राग वाळूत पडलेल्या चेंडूसारखा असतो. घाईने मारावे तितका तो आणखी रुततो. दोघे एकाच टेबलावर जेवत राहिले, एकाच बोटीवर जात राहिले आणि बोलेनासे झाले. सगळे गाव वाट पाहत होते की पीम कधी बोलतो. मीही पाहत होतो.

हंगाम संपत आला तेव्हाची गोष्ट. आमच्या बंदराच्या तोंडाशी स्केली नावाचा खडक आहे. खडकाच्या बाहेरून वळसा घेऊन आले तर उशीर लागतो, पण पाणी खोल आहे. खडक आणि धक्का यांच्या मधून आले तर लवकर घरी. पूर्वेच्या लाटा असल्या की मधून कोणी येत नाही. त्या दुपारी लाटा होत्या आणि सुकाणू डॉडच्या हातात होते. पुढे काय झाले ते बोटीवरच्या आर्ची म्यूरने सँडीला सांगितले. सँडी माझी वाळू सारखी करत होता आणि आर्ची काठावर बसला होता.

"डॉडनं मधली वाट धरली. मी पीमला म्हटलं, अरे, बाहेरून घ्यायला सांग त्याला. मी खलाशी, माझं कोण ऐकणार. तुझं ऐकेल."

"मग?"

"मग काय. म्हणाला, सुकाणूपाशी तो उभा आहे. बस्स. दोरखंडाला हात घालून हा बाबा गप्प. बोट खडकावर बसली, एक लाट वरून गेली, आणि वर बघतो तर सुकाणूपाशी कुणीच नाही."

बाकीच्यांना दुसऱ्या बोटीने उतरवून घेतले. डॉड काही दिवसांनी माझ्या कुंपणापलीकडे किनाऱ्याला लागला. त्याला गावात न्यायची जवळची वाट चौदाव्या होलवरूनच जाते. ती जड, एका लयीतली पावले मी ऐकली. खेळणारे थांबले होते. ब्रॉडीने एका बाजूने खांदा दिला होता, असे नंतर कोणी म्हणाले.

रविवारी आमच्याकडे खेळत नाहीत. त्या दिवशी मैदानावर गावकरी फिरायला येतात. दफनानंतरच्या रविवारी पीम आला आणि माझ्या काठावर बसून राहिला. थोड्या वेळाने नॅन आली. ती हेरिंग साफ करणारी बाई, आवाज बंदराच्या धक्क्यावर ओरडून कमावलेला. त्या दिवशी ती हळू बोलली.

"आर्ची म्हणतो ते खरं का?"

"काय म्हणतो?"

"तू बोलला नाहीस."

"नाही बोललो."

"लाटा दिसत होत्या तुला?"

"दिसत होत्या."

"मग?"

"मी शब्द दिला होता, नॅन. तो उभा असताना तोंड उघडायचं नाही."

"ते गवतावर. पाण्यात गप्प बसायला तुला कोणत्या क्लबानं सांगितलं होतं?"

 नॅनने त्याला सोडले नाही.

"खरं सांग. तुला वाटलं ना, आपटू दे एकदा?"

"आपटेल असं नाही वाटलं," पीम म्हणाला. "वाटलं, नुसती घासेल. बुडाचा रंग जाईल. मग घरी येऊन मान खाली घालेल."

"त्याची मान धरून मी त्याला पेटीत ठेवलाय, पीम," नॅन म्हणाली. "माझ्याकडे जेवायला येऊ नकोस."

ती गेली. पीम अंधार पडेपर्यंत तिथेच होता. मला त्याचा राग आला होता आणि दयाही येत होती. खड्ड्याला दोन्ही येऊ शकते.

पीमने समुद्र सोडला. तो रोज चौदाव्या होलवर येऊ लागला, पण खेळायला नाही. कोणी चेंडू ठेवून उभा राहिला की पीम मोठ्याने सांगायचा, "उजवीकडून जा." पूर्वेचा वारा असला तर म्हणायचा, "आज आखूड मारा, खड्ड्याच्या अलीकडे. हसू दे लोकांना." आधी माणसांनी सहन केले, कारण सर्वांना कारण ठाऊक होते. मग परगावचे खेळाडू तक्रारी करू लागले. खरे तर त्याचा सल्ला नेहमी बरोबर नसे. पश्चिमेच्या मंद वाऱ्यात चांगल्या खेळाडूने डावीकडूनच जावे. पण पीमला आता डावी बाजू उरलीच नव्हती. शेवटी क्लबाचे चिटणीस गेडिस स्वतः आले. सज्जन माणूस, बोलताना घसा खाकरायचा.

"पीम, तुला इथं यायला बंदी नाही. खेळायलाही नाही. फक्त बोलायला आहे."

"मग यायलाच बंदी घाला," पीम म्हणाला.

त्यांनी घातली. पीम कुंपण ओलांडून किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला. किनारा क्लबाचा नव्हता. तिथून तो कुंपणावरून ओरडायचा. वाऱ्यात निम्मे शब्द उडून जात. खेळायला शिकणारी मुले त्याची नक्कल करीत. असे बरेच हिवाळे गेले. त्याचा आवाज फाटला, मग बसला, मग नुसता खोकला ऐकू येऊ लागला.

एका शनिवारी खोकल्याबरोबर दुसरी पावले ऐकू आली. नॅन होती. तिने डब्यातून सूप आणले होते. इतक्या वर्षांत ती प्रथमच तिकडे आली होती.

"पी. गार होईल."

"खारट आहे," पीम कसाबसा म्हणाला.

"खारटच आहे. पी."

तेवढ्यात एक तरुण चेंडूपाशी उभा राहिला. पूर्वेचा वारा होता. पीमने तोंड उघडले, पण आवाज फुटेना. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत होता. त्याच्या छातीची घरघर मला इथवर ऐकू येत होती. मग कुंपणापलीकडून नॅनचा धक्क्यावरचा आवाज आला.

"ए पोरा! डावीकडे मारू नकोस. उजवीकडून जा!"

पोरगा हसला आणि त्याने डावीकडेच मारला. चेंडू धप्पकन माझ्यात पडला. तो उतरला, त्याने वाळू उडवली, मला शिवी दिली आणि निघून गेला. त्याचे काही बिघडले नाही. पीम त्याच हिवाळ्यात गेला. त्यानंतर कुंपणापलीकडून कोणी ओरडले नाही.

आता नव्या काठ्या आल्या आहेत. चेंडू माझ्यावरून उडून जातो, उतरणारा क्वचितच. माझी भिंत एका बाजूने ढासळली आहे, सँडीनंतर ती कोणी नीट रचली नाही. कमिटीत मला बुजवायचे बोलणे चालू आहे. बुजवले तर माझी तक्रार नाही. खड्ड्याने किती जगावे याला काही मर्यादा हवी. पण वाळू टाकण्याआधी माझी एक विनवणी ऐका. खेळाचे नियम खेळापुरते पाळा. मित्रांनो, तुमचा माणूस चुकीच्या वाटेला निघालेला दिसला तर त्याने मागच्या वेळी केलेला अपमान आठवत बसू नका. त्याला हाक मारा. तो ऐकणार नाही, रागावेल, चारचौघांत वाटेल ते बोलेल. बोलू द्या. रागावलेला माणूस संध्याकाळी जेवायला तरी घरी येतो.