बेटाचा पूर्वेकडचा उतार

आमच्या तलावातल्या बेटाभोवती पाणी कुठे कसं खोल होतं, हे गुणाबाईच्या पायांना ठाऊक होतं आणि त्याचा तिला भारी तोरा होता. पाण्यात उतरायचं, गुडघ्याचं पाणी मांडीला कधी लागतं ते बघायचं, की पुढचा उतार सांगून ती मोकळी. पोहता मात्र येत नव्हतं. बाईच्या जातीनं पोहू नये, असं तिचंच म्हणणं.

जाळं सासू-सून दोघींनी ओढायचं. खोलाकडचं टोक सुनेनं धरायचं, ही आमची रीत. तिची सून पुनम ठेंगणी, तरी हनुवटीएवढ्या पाण्यात तीच. एकदा तिचा पाय घसरला नि जाळं फाटलं, तेव्हा गुणाबाईनं तिला वल्ह्यानं बडवलं.

"तू मेली त चालते. जाळं जपजो."

पुनमचा नवरा रोशन शेजारी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. मेल्यानं मान वर केली नाही.

उन्हाळ्यात गुणाबाई मिरची तोडायला तेलंगणात गेली. मागे एका ठेकेदारानं आटलेल्या तलावात जेसीबी घातला आणि मुरमासाठी बेटाची पूर्वेची बाजू खणून नेली. वरचा थोडा उतार तसाच राहिला, त्याखाली विहिरीसारखा कडा. सासू परतल्यावर पुनमनं हे सांगितलं.

"मले उतार शिकवते?" म्हणत गुणाबाईनं तिच्या थोबाडीत दिली.

तलाव भरल्यावर दोघी डोंग्यानं बेटावर गेल्या. मी काठावर कपडे धूत होते, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. गुणाबाईनं पूर्वेला खोलाकडचं टोक सुनेपुढे धरलं. पुनमनं हात पुढे केला नाही.

"मले नाई समजत, बाई. तुमीच दाखवा ना, उतार कसा ओळखते."

"तुह्या मायनं काईच नाई शिकवलं."

गुणाबाईनं टोक मनगटाला गुंडाळलं आणि तोऱ्यात निघाली. गुडघाभर पाणी झालं, मांडीभर झालं.

"पाह्य, कसा सपाट हाये," म्हणाली आणि पुढच्या पावलाला दिसेनाशी झाली.

जाळं ताणलं गेलं. दुसरं टोक धरून पुनम गुडघाभर पाण्यात घट्ट उभी होती. ओढलं असतं तर सासू वर आली असती. जाळ्याला हिसके बसत राहिले. पुनमनं आपलं टोक सोडून दिलं.

ती डोंग्यानं परतल्यावर रोशननं तिला काठावर गदागदा हलवलं. "वढलं काऊन नाई?"

"फाटलं असतं," पुनम म्हणाली.

मला गुणाबाईची कीव आली नाही आणि पुनमचा रागही आला नाही. मी कपडे पिळत राहिले.