आईकडून आलेला खोकला

मंगळवार पेठेतल्या संगप्पा कापडवाल्याने पुण्याहून वैद्यकाचं एक जाडजूड पुस्तक मागवलं आणि त्या दिवसापासून तो घरादाराचा डॉक्टर झाला. रोगांचा इतिहास, कुटुंबाचं आरोग्य, सगळं त्यात होतं. अक्कल तेवढी ज्याची त्याने आणायची होती.

बसव्वा त्याची सून, आणि सख्ख्या बहिणीची लेक. घरची पोर घरातच राहावी म्हणून संगप्पानेच तिला हौसेने करून घेतली होती. बाळंतपणानंतर तिचा खोकला हटेना, तेव्हा त्याने पुस्तक उघडलं. क्षय आईकडून लेकरांत उतरतो, असं त्यात छापलेलं होतं. बसव्वाची आई खोकून खोकूनच गेली होती. मग काय, संगप्पाने ठरवूनच टाकलं: बसव्वाला बापाकडे अक्कलकोटला धाडायचं, तान्हं पोर इथं ठेवून घ्यायचं आणि चनबसप्पाचं दुसरं लग्न लावायचं. तिचा नवरा चनबसप्पा बापापुढे तोंड उघडेल तर शपथ. अंगावरचं पोर सोडून जायचं या विचाराने बसव्वा आधी घाबरली. मग राग आला, आणि तो काही केल्या विझेना.

निवाड्याला संगप्पाने चार वडीलधारे बोलावले. त्यांत सिद्धाप्पाही होता; त्याच्या मुलाशी संगप्पाच्या लेकीचं, गुरम्माचं, लग्न ठरत आलं होतं. संगप्पाने चष्मा लावून तो मजकूर मोठ्याने वाचला. म्हातारे माना डोलवत राहिले. छापलेलं आहे म्हटल्यावर खोटं कसं असेल?

बसव्वा पोराला छातीशी धरून दारात आली.

"मामा, माज्या आईला हे कुणाकडनं आलं?"

"तिच्या आईकडनं. आनि कुणाकडनं?"

"ती तुमची बी आईच की. मग तुमच्यात आलं, तुमच्या लेकरांत आलं. गुरम्माला कुटं धाडताय?"

नातं सगळ्यांना ठाऊक होतं, पण पुस्तकाशेजारी ठेवून ते कुणी पाहिलं नव्हतं. सिद्धाप्पाने उचललेला विडा तबकात परत ठेवला.

संगप्पा पांढराफटक पडला. घाईघाईने पुस्तक मिटून म्हणाला, पोरीला क्षयबिय काही नाही, थंडीचा खोकला आहे, दुसरं लग्नबिग्न काही होणार नाही. सिद्धाप्पा मात्र थांबला नाही. गुरम्माची सोयरीक मोडली, आणि ती वहिनीच्या हातचं पाणीसुद्धा घेईना.

बसव्वा घरात राहिली, पोर तिच्यापाशी राहिलं. खोकलाही राहिला. पुढे एकदा पदराला रक्त लागलं, तेव्हा घाबरून तिने सासूला, नागव्वाला, तो पदर दाखवला आणि दवाखान्यात न्या म्हणाली.

भाकरी थापणाऱ्या नागव्वाने मान वर केली नाही.

"भरल्या बैठकीत तुज्या मामानी सांगितलंय न्हवं? थंडीचा खोकला हाय. आता दवाखान्याची पायरी चढलीस तर माजी गुरम्मा जलमभर घरात बसंल. पोर रडतंय, पाज त्याला."